हात कुणाचा, वय किती?

अपघातात कुणाचा हात-पाय गेला की आपण पहिल्यांदा विचारतो, डॉक्टरांनी किती टक्के अपंगत्व लिहिलं? टक्के लागतातच. पण तो हात रोज काय काम करत होता आणि त्या माणसाची कमावण्याची किती वर्षं उरली होती, हे दोन प्रश्न टक्क्यांइतकेच मोठे आहेत. आपल्या देशात ते नीट विचारले जायला सव्वाशे वर्षं लागली.

पहिली हाक मुंबईच्या गिरणी कामगारांची. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांनी सरकारकडे निवेदन पाठवलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. ती 1890 साली मान्य झाली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. याबद्दलचा कायदा व्हायला 1923 साल उजाडलं, आणि तो लागू झाला 1 जुलै 1924 पासून.

त्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली, ते त्यात लिहिलेलं. वयाचा विचार मात्र सुरुवातीला सज्ञान की अज्ञान एवढाच होता. 1984 च्या दुरुस्तीनं वयाचा वेगळा तक्ता आला. सोळा वर्षांपर्यंतच्या कामगारासाठी 228.54 हा आकडा, पासष्टीच्या पुढच्यासाठी 99.37. पगाराच्या ठराविक हिश्शाला या आकड्यानं गुणायचं. म्हणजे पगार तोच, इजा तीच, तरी तरुणाला म्हाताऱ्याच्या दुपटीहून जास्त रक्कम. हिशेब सरळ आहे: ज्याची वर्षं जास्त उरली, त्याचं नुकसान जास्त.

पण कामाचं काय? हा प्रश्न ओरिसातल्या एका सुतारामुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. 1968 साली सिनेमागृहाचं नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेलाय, हे पूर्ण अपंगत्व नव्हे. डिसेंबर 1975 मध्ये न्यायालयानं सांगितलं की सुतारकाम एका हातानं होत नाही. या माणसाचं नुकसान शंभर टक्के आहे. पुढं 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात न्यायालयानं रीतच घालून दिली: आधी त्या माणसाचा धंदा, कामाचं स्वरूप आणि वय बघा. हात गेलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची रोजीरोटीच जाते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहते.

आता आपल्या बायकांचं बघा. मार्च 1989 मध्ये जमशेदपूरला एका समारंभाच्या मांडवाला आग लागली. मेलेल्यांत गृहिणी पुष्कळ होत्या. त्यांच्या कामाची किंमत न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी वर्षाला बारा हजार धरली होती. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं ती फार कमी ठरवली आणि 34 ते 59 वयाच्या गृहिणीसाठी छत्तीस हजार धरले. बासष्ट ते बहात्तरच्या आजीबाईंसाठी मात्र वीस हजार. घरकामाला मोल आहे हे मान्य झालं, पण वयाची कात्री तिथंही लागलीच.

इथंच मला एक गोष्ट खटकते. वयाचा तक्ता उरलेली वर्षं मोजतो. नवं काम शिकण्याची ताकद मोजत नाही. आपल्या गुंदच्या बागांतला गडी घ्या. पोफळीवर चढून घड उतरवायचे, एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं, यात त्याचा सारा जन्म गेलेला. समजा पन्नाशीत त्याचा घोटा कायमचा आखडला. पंचविशीतला पोरगा दुकानात बसेल, मोबाईल दुरुस्ती शिकेल. हा काय शिकणार? दाखल्यावर त्याचं अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या आत आलं तर 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या बहुतेक सवलती त्याला नाहीत. केंद्राच्या अपंग पेन्शनला तर ऐंशी टक्के लागतात. दाखला देणारा घोटा मोजतो. त्या पायानं झाड चढायचं होतं, हे कागदावर कुठंच येत नाही. सुपारी सोलणाऱ्या बाईच्या बोटांचंही तसंच.

आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं सांगितली आहेत. ती करावीतच. पण लोखंड्यांच्या कामगारांनी दान मागितलं नव्हतं, कामाच्या बदल्यातला हक्क मागितला होता. आपल्या घरी, बागेत, दुकानात राबणारं माणूस पडलं तर दवाखान्याचं बिल भरून हातात हजार-पाचशे ठेवणं हा हिशेब नव्हे. कामावरच्या अपघाताची भरपाई मागायला अर्ज करता येतो, आणि त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत असते. हे त्याला सांगायला हवं. आणि अर्जात फक्त टक्के लिहून थांबू नये. हा माणूस काय काम करायचा, त्याचं वय किती, दुसरं कुठलं काम त्याला येतं, हेही लिहावं. लिहिता येत नसेल त्याला आपल्यातल्या शिकलेल्या बायकांनी लिहून द्यावं. एवढं तर आपल्याला जमेल.