आजेसासूबाईंची पैशांची माळ

यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने आपल्या छंदाविषयी चार शब्द लिहावेत, असे मंडळात ठरले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास म्हटला की सनावळ्या आठवून अजून धडकी भरते. पण इंग्रजी अमदानीतली चिल्लर जमवण्याचा नाद मला लागला, आणि शाळेत जो इतिहास डोक्यात शिरला नाही तो या चिल्लरीने शिकवला. तोच भगिनींपुढे ठेवते.

मुलुंडच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली तेव्हा माळ्यावर आजेसासूबाईंचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात तांब्याची काही नाणी, कंगोऱ्यांच्या आणेल्या आणि दोऱ्यात ओवलेली भोकाच्या पैशांची एक माळ होती. तांब्याची नाणी काळीठिक्कर पडलेली. मी आपली चिंच-मीठ लावून ती ताम्हनासारखी लख्ख घासली. पुढे फोर्टात जुनी नाणी विकणाऱ्या एका गृहस्थांना दाखवली, तर ते हळहळले. "बाई, हे काय केलेत! तांब्यावर चढलेला काळा थर हीच त्याची वयाची खूण. घासल्याने राणीच्या केसांच्या रेघासुद्धा गेल्या." मी खजील झाले. त्या दिवसापासून मात्र नाणे घासायच्या आधी वाचायला शिकले.

आमच्या मुलांना आता रुपयाखालचे काहीच ठाऊक नाही, म्हणून आधी कोष्टक सांगते. ३ पैंचा १ पैसा, ४ पैशांचा १ आणा आणि १६ आण्यांचा रुपया. म्हणजे रुपयात ६४ पैसे आणि १९२ पै. दोन पैशांचा तो ढब्बू, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. 'पै-पैचा हिशेब', 'सोळा आणे खरे' हे आपण रोज बोलतो, पण ती पै डोळ्यांनी पाहिलेल्या आता थोड्याच.

आपल्याकडे त्याआधी शिवराई होती. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. कंपनी सरकारने मुंबई इलाख्यासाठी पाडलेल्या पैशांवर १८३० च्या सुमारास तराजू असे. मग १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखात एकच नाणेपद्धत सुरू झाली. १८६२ पासून तांब्याच्या पैशावर व्हिक्टोरिया राणी आली आणि १८७७ पासून ती 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी, झाली. डब्यातल्या एका पैशावर 'क्वीन' व दुसऱ्यावर 'एम्प्रेस' असे आहे. बाई तीच, मुकुटही तोच, नुसती पदवी वाढली!

मला सर्वांत नवल वाटले ते पैशाच्या वजनाचे. राणीचा तांब्याचा पैसा सुमारे साडेसहा ग्रॅमचा. १९०६ पासून तो काशाचा झाला आणि पाच ग्रॅमच्याही आत आला. मग महायुद्धे आली. पहिल्या युद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली निकेलमिश्रित धातूची चौकोनी चवली निघाली. दुसऱ्या युद्धात तर पैशाच्या पोटातला गाभाच काढून घेतला. १९४३ ते १९४७ हा भोकाचा पैसा पाडला. वजन जेमतेम दोन ग्रॅम. त्यावर राजाचा चेहराही नाही, कारण चेहऱ्याच्या जागीच भोक! त्याचे लोकांनी स्क्रूखाली घालायचे वायसर केले, असे म्हातारी माणसे सांगतात. पुष्कळ नाण्यांवर सालाखाली बारीक टिंब किंवा शंकरपाळ्यासारखी चौकट दिसते. ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीची खूण.

आता माळेविषयी. भोक होते म्हणून पैसे ओवता आले. आजेसासूबाईंना लिहितावाचता येत नसे. माझ्या सासूबाई सांगतात, भाजीतून वाचलेला पैसा त्या माळेत ओवायच्या आणि चौसष्ट झाले की रुपया झाला, असे बोटांनी मोजायच्या. मी मोजले तर एकसष्ट भरले.

१९५७ साली दोन गोष्टी झाल्या. मुलुंड बृहन्मुंबईत आले आणि १ एप्रिलपासून शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वा द्यायचा कसा? म्हणून एका आण्याचे ६, दोनांचे १२, तिनांचे १९ असे कोष्टक निघाले. आजेसासूबाई आण्याच्या मेथीच्या तीन जुड्या एकदम न घेता तीन खेपांनी घेत. १९ ऐवजी १८ च जात! काही वर्षे दोन्ही नाणी चालली, १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्दही गळला आणि जुना पैसा बाजारातून गेला.

मी सासूबाईंना विचारले, "मग माळ बदलून का नाही घेतली? पंचाण्णव नवे पैसे आले असते." त्या म्हणाल्या, "अगं, घरात सांगावे लागले असते ना!"

हे ऐकून मी गप्प झाले. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा माझ्याही तांदळाच्या डब्यातून सात नोटा निघाल्या होत्या. त्या ह्यांच्या हाती देताना चोरी केल्यासारखी मान खाली गेली. चोरी कसली? दहा ठिकाणी मन मारून ठेवलेले पैसे होते ते. पण आजेसासूबाईंना ती मान खाली घालायची नव्हती, म्हणून त्यांनी रुपयावर पाणी सोडले. राजे-राण्यांचा इतिहास पुस्तकात आहे, हा मात्र फक्त त्या दोऱ्यात राहिला.

भगिनींना थोडी सावधगिरीची सूचना करते. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी 'फी' भरा, असे निरोप हल्ली फोनवर येतात. माझ्याही मुलाला आला होता. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितले आहे की असे व्यवहार ती करीत नाही व कमिशन मागत नाही. बहुतेक चिल्लर लाखोंनी पाडलेली, तिला फार मोल येत नाही. नाणी पाहायची असतील तर याच बँकेने २००४ साली फोर्टात उघडलेले संग्रहालय आहे.

आपापले डबे उघडून पाहा. नाणी घासू नका, भंगारात घालू नका. कोणाची होती ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. माझ्या मुलाने परवा पदपथावरून तीन भोकाचे पैसे आणले, म्हणाला, "आई, आता पणजीचा रुपया पुरा कर." मी ते वेगळ्या दोऱ्यात ठेवले. तिची माळ एकसष्टाचीच राहू द्यावी, असे मला वाटले.