हाफकीन यांची प्लेगप्रतिबंधक लस : सजीव लसीकडून मृत लसीकडे

लसींचे सजीव व मृत असे वर्गीकरण पाठ्यपुस्तकांत ज्या सहजतेने येते, तितका त्यामागील इतिहास सहज नाही. वाल्डेमार हाफकीन यांच्या कार्यात हे दोन्ही प्रकार लागोपाठ आढळतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८९२ मध्ये त्यांनी सिद्ध केलेली कॉलऱ्याची लस जिवंत जंतूंची होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात संशोधन करताना त्यांनी मात्र वेगळा मार्ग पत्करला. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली जंतूंची वाढ करावयाची, ते तापवून मारावयाचे आणि त्यात कार्बॉलिक आम्ल मिसळावयाचे, अशी ही पद्धत होती.

मृत जंतू शरीरात वाढत नाहीत. परंतु त्यांची प्रतिजने कायम राहतात. ती ओळखून बी-पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात व काही पेशी स्मृतिपेशी म्हणून उरतात. पेशीजन्य प्रतिकार मात्र सजीव लसीइतका जागृत होत नाही. म्हणून या लसीचे संरक्षण अल्पकाळ टिके. हे स्पष्टीकरण अर्थात पुढच्या काळातले; हाफकीन यांच्यापाशी केवळ प्रयोगाचा आधार होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. कैद्याची स्वेच्छा कितपत मोकळी, हा प्रश्न येथे उरतोच.

मृत लस निर्धोक मानली जाते. तथापि ती निर्धोकता जंतूंच्या मृतावस्थेइतकीच बाटलीच्या शुद्धतेवर अवलंबून असते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकीन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. एकाच बाटलीने घात केला, ही बाब दोष उत्पादनपद्धतीत नसून त्या बाटलीत होता असे सुचविणारी असूनही तिला योग्य ते महत्त्व दिले गेले नाही. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीर पत्राद्वारे बाजू मांडल्यानंतर हाफकीन दोषमुक्त झाले; परंतु मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. परळ येथील त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.