वैमानिक कसा निवडतात?

आमच्या बिबवेवाडीवरून लोहगावचे लढाऊ विमान गडगडत गेले, की गल्लीतली पोरे खेळ टाकून वर पाहतात. ‘मी पायलट होणार!’ असे एखादा म्हणतोच. पण असे विमान कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवतात तरी कसे?

पहिल्या महायुद्धात आधी धाडस आणि धडधाकट शरीर पाहत. चांगला घोडेस्वार चांगला वैमानिक होईल, असाही समज होता. शिकता शिकताच कित्येक तरुण दगावले. मग फ्रान्समध्ये उमेदवाराजवळ अचानक बार काढून त्याची नाडी, श्वास आणि हाताचा कंप मोजू लागले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जॉन फ्लॅनगन ह्या मानसशास्त्रज्ञाने अनेक कसोट्यांचे गुण एकत्र करून १ ते ९ अशा श्रेणी लावल्या. पण ह्या श्रेणी खऱ्या कशावरून? १९४३ साली हजारावर उमेदवारांना गुण न पाहता विमानशिक्षणाला धाडले. खालच्या श्रेणीतले बहुतेक गळाले. वरचे त्या मानाने पुष्कळ टिकले. परीक्षेचीच परीक्षा झाली म्हणा ना!

आपल्याकडे १९४३ मध्येच डेहराडूनला अधिकारी निवडण्याचे प्रायोगिक मंडळ निघाले. १९४९ मध्ये मानसशास्त्रीय संशोधनाची शाखा आली. वैमानिकासाठी निराळी कसोटी ठरली: विमानातल्या तबकड्या वाचायच्या, आणि हाताने दांडा व पायाने पट्टी सांभाळत पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका चौकटीत ठेवायचा. आता हे काम संगणकावर होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून वैमानिक होऊ पाहणाऱ्यालाही ती द्यावी लागते, आणि तीही जन्मात एकदाच. सरावाने गुण वाढले, तर मूळचा कल कसा कळणार?

शिक्षकमित्रांनो, म्हणून तुमच्या गावचा मुलगा तिथून हात हलवीत परतला, तर त्याला ‘नापास’ म्हणू नका. कसोटीने एका कामापुरते त्याचे माप घेतले, एवढेच.

१९५८ च्या सुमारास डेहराडूनच्या मंडळापुढे पंचवीस जण होते. घ्यायचे होते आठ. नववा आलेला तरुण खिन्न मनाने परतला. त्याचे नाव अब्दुल कलाम. त्याने पुढे देशाची अग्निबाणे उभी केली. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती म्हणून, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते सुखोई विमानात सहवैमानिकाच्या जागी बसून उडाले. ते विमान उडाले आपल्या लोहगावहूनच.