हात थांबला की करवत थांबे

खंडेनवमीला आमच्या आळीतल्या सुतारकाकांच्या पडवीत हत्यारे मांडली जात. वाकस, पटाशी, रंधा, सामता, लहानमोठ्या करवती. सारी तेलाने पुसून, कुंकू लावून, वर झेंडूची फुले वाहिलेली. प्रसादाच्या आशेने आम्ही पोरे तिथे घुटमळत असू. फुले वाहणाऱ्या त्या हाताला दोन बोटे कमी होती. एका वर्षी कोणीसे धीर करून विचारलेच. काका रागावले नाहीत. म्हणाले, "चाळीस वर्षं हातकरवत ओढली. हात थांबला की ती थांबे. विजेची करवत हात थांबला तरी थांबत नाही, बाबांनो."

पुढे या विजेच्या हत्यारांचा इतिहास मी हौसेने धुंडाळला, तेव्हा काकांचे हे वाक्य मला त्यात पुन्हा पुन्हा भेटत राहिले.

हातात धरून चालवायचे विजेचे पहिले गिरमिट १८९५ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात तयार झाले. ते इतके जड की दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार द्यावा लागे. मग अमेरिकेत बाल्टिमोर शहरी डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघा तरुणांनी १९१० साली आपले दुकान थाटले. भांडवलासाठी एकाने मोटारगाडी विकली, दुसऱ्याने घरावर कर्ज काढले. त्यांनी गिरमिटाला पिस्तुलासारखी मूठ दिली आणि चापही दिला. १९१४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ साली ते मिळाले. चापावरचे बोट सुटले की वीज तुटते, एवढी साधी गोष्ट! माणसाचा जीव घेणाऱ्या पिस्तुलाचा घाट सुताराच्या उपयोगी पडावा, ही गंमतच म्हणायची. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ड्रिल मशीनना हाच चाप असतो.

पण वीज तुटली म्हणून पाते लगेच थांबत नाही. ते काही क्षण आपल्याच वेगाने फिरत राहते. गोल करवतीची खरी भीती याहूनही निराळी. लाकूड चिरताना चीर मागून मिटू लागली की पाते आवळले जाते, आणि मग मेजावरची करवत असेल तर फळी माणसाच्या अंगावर येते, हातातली असेल तर यंत्रच उसळते. म्हणून पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी असते आणि वर झाकण असते. सुतारांना हे झाकण आवडत नाही, कारण त्यामुळे पेन्सिलीची रेघ नीट दिसत नाही. काकांनीही ते तारेने वर बांधून ठेवले होते. हे मला त्यांच्या मुलाने पुष्कळ वर्षांनी सांगितले. काका स्वतः त्याविषयी कधी बोलले नाहीत.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वी उमगली होती. गिरण्यांच्या काळात, १८८१ सालीच, आपल्याकडच्या पहिल्या कारखाने कायद्यात यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद आली. १९४८ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने ती अधिक कडक केली. परंतु हे कायदे कामगारांची संख्या मोजून लागू होत. पडवीत एकटा काम करणारा सुतार कोणत्या मोजदादीत बसणार?

आणि तरीही गोष्ट इथे संपली नाही. १९९९ साली अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थाने करवतीला स्पर्श ओळखायला शिकवले. शिक्षणाने तो पदार्थवैज्ञानिक, व्यवसायाने पेटंटचा वकील. सुतारकाम हा त्याचा छंद. पात्यातून विजेची अगदी क्षीण लहर सोडलेली असते. कोरड्या लाकडाने ती बदलत नाही, पण माणसाची कातडी लागताच बदलते. तत्क्षणी अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा दात्यांत घुसतो आणि पाते सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात थांबते. पाते आणि ठोकळा दोन्ही निकामी होतात, बोटावर मात्र ओरखडाच काय तो उरतो. प्रयोगासाठी तो सॉसेज वापरी. शेवटी त्याने स्वतःचे बोट पुढे केले. मोठ्या कारखानदारांनी त्याची युक्ती घेतली नाही, तेव्हा त्याने आपल्या मित्रांबरोबर स्वतःच करवती बनवल्या. पहिली २००४ साली विकली गेली. त्या करवतीची किंमत आमच्या आळीला परवडणारी नाही, हेही सांगितले पाहिजे.

काका आता नाहीत. यंदा खंडेनवमीला त्यांच्या मुलाकडे गेलो. त्याने आधी कटर मशीनची पिन भिंतीतून काढली आणि आपल्यासमोर ठेवली. वायर बोटांनी चाचपली, कुठे सोलली आहे का ते पाहिले. झिजलेले कार्बन बदलले, कुसा ब्रशने झाडला, बोथट पाते काढून धार लावायला बाजूला ठेवले. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावणारा हातच घसरतो, असे तो म्हणाला. मग झाकण वर करून सोडले. ते अर्ध्यावरच अडकले. राळ साचली होती. रॉकेलच्या फडक्याने त्याने ती पुसली, पुन्हा सोडले. झाकण खटकन बंद झाले. आणखी तीनदा त्याने तसेच करून पाहिले.

मग हात धुऊन तो म्हणाला, "सर, आता फुलं द्या."