कामाचा आणि खेळाचा लॅपटॉप: एका तडजोडीचा इतिहास

उचलून नेता येणारा संगणक बाजारात आला तो हिशेब करणाऱ्यांसाठी आणि फिरतीवरच्या विक्रेत्यांसाठी. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात मांडलेला ऑस्बोर्न १ सुमारे ११ किलोंचा होता. पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर, आणि त्या किमतीतच वर्डस्टार व सुपरकॅल्क हे कामाचे प्रोग्रॅम मिळत. त्याचा जनक ॲडम ऑस्बोर्न याचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये त्याचे निधनही कोडाईकनाललाच झाले. त्याचे यंत्र मांडीवर घेण्याजोगे अजिबात नव्हते. शिवणयंत्राच्या पेटीसारखे ते हातात धरून न्यायचे आणि टेबलावर मांडायचे.

उघडझाप करणारा, बिजागरीवर पडदा मिटणारा लॅपटॉप १९८२ मध्ये ग्रिड कंपनीच्या कंपासमधून आला. बिल मॉगरिज यांनी आखलेली त्याची पेटी मॅग्नेशियमची होती आणि आतली उष्णता बाहेर टाकण्याचे कामही तीच करी. किंमत ८,१५० डॉलर. एवढे पैसे मोजणारे गिऱ्हाईक म्हणजे सैन्य, बडे अधिकारी आणि अमेरिकेची अंतराळ संस्था. महागडा लॅपटॉप म्हणजे साहेबाचा लॅपटॉप हे समीकरण इथे पक्के झाले आणि पुढची वीस वर्षे टिकले.

खेळ मात्र या कामाच्या यंत्रांत पहिल्यापासून होता, आणि तोही फार प्रतिष्ठेच्या जागी. १९८२च्या अखेरीपासून कॉम्पॅकसारख्या कंपन्या आयबीएमच्या संगणकाशी जुळणारी यंत्रे काढू लागल्या. कॉम्पॅकचे पहिले यंत्रही उचलून नेण्याचेच होते, वजन सुमारे १३ किलो. एखादे यंत्र खरोखर जुळते की नाही हे तपासण्यासाठी परीक्षक दोन प्रोग्रॅम चालवून पाहत. एक लोटस १-२-३, म्हणजे हिशेबाचे तक्ते; दुसरा मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवण्याचा खेळ. दोन्ही प्रोग्रॅम, प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामधल्या सॉफ्टवेअरला वळसा घालून थेट यंत्राच्या भागांशी बोलत, त्यामुळे नकलेतली बारीकशी चूकही लगेच उघडी पडे. तेव्हा खेळ चालतो की नाही यावरून कचेरीचा संगणक पारखण्याची रीत चाळीस वर्षांहून जुनी आहे. त्याच काळातल्या काही खेळांत एक खास बटण असे. ते दाबले की पडद्यावर खोटा हिशेबाचा तक्ता उभा राही. साहेब मागे येऊन उभे राहिले, तर त्याचा उपयोग.

१९८५च्या तोशिबा टी११०० ने वजन सुमारे चार किलोंवर आणले, १९९१च्या ॲपल पॉवरबुकने कीबोर्ड मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा केली, आणि १९९२च्या आयबीएम थिंकपॅड ७००सीने १०.४ इंची रंगीत पडदा दिला. यातला पडदा सर्वांत महत्त्वाचा. त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपचे पडदे इतके मंद होते की माऊसचा बाण जरा जोरात हलवला तर तो दिसेनासा होई. पत्र टाइप करायला असा पडदा चालतो. धावणारा शत्रू त्यावर नुसता डाग दिसतो. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र ट्रान्झिस्टर असलेला टीएफटी पडदा हवा असेल, तर कित्येक हजार डॉलर मोजावे लागत. थिंकपॅड ७००सीची किंमत ४,३५० डॉलर होती. म्हणजे खेळण्याजोगा पडदा कुणाकडे, तर ज्याने खेळू नये अशी कंपनीची अपेक्षा, त्याच्याकडे.

डिसेंबर १९९३ मध्ये डूम हा खेळ आला. कचेऱ्यांच्या आणि विद्यापीठांच्या नेटवर्कवर त्याचा इतका ताण पडला की अनेक ठिकाणी त्यावर बंदी घालावी लागली. डूम साध्या प्रोसेसरवर चाले, त्यामुळे चांगल्या लॅपटॉपवरही तो चालत असे. काम आणि खेळ यांची फारकत झाली ती यानंतर, १९९६ पासून. थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड आले आणि त्रिमितीय चित्र काढण्याचे काम प्रोसेसरकडून वेगळ्या चिपकडे गेले. डेस्कटॉपमध्ये कार्ड खोचायला खाच होती, जागा होती, वीज होती. लॅपटॉपमध्ये यातले काहीच नव्हते. ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपसाठी जीफोर्स२ गो ही चिप जाहीर केली ती २०००च्या अखेरीस. तोवरची चार वर्षे लॅपटॉप हा खेळणाऱ्याच्या दृष्टीने जवळपास बाद होता.

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतही ही फारकत स्पष्ट दिसे. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेऊन ‘असेंबल’ करून घेतलेला संगणक घरी असे. त्यात ग्राफिक्स कार्ड घालायचे की नाही हा घरातला वादाचा विषय. लॅपटॉप असलाच तर तो कंपनीचा, कुलूपबंद, त्यावर नवा प्रोग्रॅम टाकायचीही परवानगी नसलेला. दुकानदाराने भाग निवडून जोडून देण्याची सोय लॅपटॉपला कधीच नव्हती. तो घ्यायचा तर कारखान्याने ठरवली ती जोडणी मुकाट्याने घ्यायची, आणि म्हणूनच लॅपटॉपची निवड डेस्कटॉपपेक्षा नेहमी अवघड राहिली. चूक झाली तर पुढच्या महिन्यात कार्ड बदलण्याची सोय नाही.

२००० नंतरचा पहिला तोडगा ओबडधोबड होता. डेस्कटॉपचाच पेंटियम ४ प्रोसेसर लॅपटॉपच्या पेटीत कोंबायचा आणि त्याला ‘डेस्कटॉपचा पर्याय’ म्हणायचे. मायामीच्या एलियनवेअर कंपनीचा एरिया-५१एम आणि २००४चा डेल इन्स्पिरॉन एक्सपीएस ही त्याची नामांकित उदाहरणे. वजन चार किलोंच्या घरात, पंखे सतत घोंघावणारे आणि बॅटरी केवळ वीज गेली तर काम साठवून ठेवण्यापुरती. याच सुमारास, मार्च २००३ मध्ये, इंटेलने पेंटियम एम आणला. इस्रायलमधल्या हैफा इथल्या गटाने घडवलेला हा प्रोसेसर कमी गिगाहर्ट्‌झवर चाले, सुमारे २५ वॅटमध्ये भागे आणि तरीही बऱ्याच जास्त गिगाहर्ट्‌झवाल्या पेंटियम ४ची बरोबरी करी. पेटीवर छापलेला आकडा आणि हाती येणारा वेग यांचा संबंध सुटू शकतो हे गिऱ्हाईकांना तेव्हा कळले. ते लक्षात राहिले असते, तर पुढे बऱ्याच जणांचे पैसे वाचले असते.

खेळाच्या यंत्रांकडे मोठ्या कंपन्यांचे लक्ष वळले ते २००६ मध्ये. डेलने एलियनवेअर घेतली, एचपीने राहुल सूद यांची कॅल्गरीतली व्हूडूपीसी घेतली आणि असूसने खेळणाऱ्यांसाठी आरओजी ही वेगळी मुद्रा काढली. २००८च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात पहिल्यांदाच डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप अधिक विकले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये एनव्हिडियाला मान्य करावे लागले की लॅपटॉपमधल्या तिच्या काही चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत. दुरुस्ती आणि बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचे तिने जाहीर केले. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते. या फेऱ्यांत तिच्या खालचे जोड तडकत होते. उष्णतेने खेळाचा वेग उतरतो हे ठाऊक होते. ती यंत्राचा जीवही घेते, हे आता उघड झाले.

कामाला लागणारी शांतता आणि खेळाला लागणारी ताकद एका पेटीत नांदवण्याचा पहिला नेटका प्रयत्न म्हणजे दोन ग्राफिक्स चिपा ठेवणे: एक काटकसरी, एक खादाड. सोनीच्या २००६च्या वायो एसझेडवर त्यासाठी चक्क एक खटका होता. तो सरकवला की संगणक पुन्हा सुरू करावा लागे. फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस हे तंत्र आणले आणि ही अदलाबदल आपोआप होऊ लागली. गंमत अशी की मोठी चिप काढत असलेले चित्रही आता छोट्या चिपेतून पडद्यावर जाई, आणि या फेऱ्यात खेळाचा थोडा वेग गळे. मग मोठी चिप पडद्याला थेट जोडणारा खटका, ज्याला मक्स स्विच म्हणतात, २०२१च्या सुमारास महागड्या लॅपटॉपांचे वैशिष्ट्य म्हणून परतला.

रेझर कंपनीने २०११ मध्ये २,७९९ डॉलरचा ब्लेड हा लॅपटॉप जाहीर केला आणि २०१३ मध्ये त्याचे १४ इंची रूप आणले. काळा, सपाट, जेमतेम १७ मिलिमीटर जाडीचा. तोवरच्या खेळाच्या लॅपटॉपांवर लाल दिवे, टोकदार कोपरे आणि परग्रहवासीयांचे मुखवटे असत. असे यंत्र घेऊन बैठकीला बसण्याची सोय नव्हती. ब्लेडने दाखवले की खेळणारा गिऱ्हाईक मोठा झाला आहे, नोकरी करतो आणि लाजेपोटीही पैसे मोजायला तयार आहे. ब्लेड तापत असे, महागही होता, पण आजच्या दुहेरी कामाच्या लॅपटॉपाचा थेट पूर्वज तोच.

ऑगस्ट २०१६ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपांच्या नावातले ‘एम’ हे अक्षर काढून टाकले. जीटीएक्स १०६०, १०७० आणि १०८० आता डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हींत त्याच नावाने आल्या, आणि वेगातला फरकही थोडकाच होता. आभासी वास्तवाची हेल्मेटे त्याच वर्षी बाजारात आली होती आणि जुन्या ‘एम’ चिपांपैकी बहुतेकांना ती पेलत नव्हती, हे यामागचे एक कारण. या ताकदीचे टोक म्हणजे एसरचा प्रेडेटर २१ एक्स: वाकलेला २१ इंची पडदा, दोन जीटीएक्स १०८०, दोन अडॅप्टर, साडेआठ किलोंहून अधिक वजन, ८,९९९ डॉलर. कामाच्या दृष्टीने तो निरुपयोगी होता आणि खेळायलाही तो कुणी घेतला असेल तर हौसेखातर. पुढच्याच वर्षी, मे २०१७ मध्ये, एनव्हिडियाने उलट दिशा धरली. मॅक्स-क्यू या योजनेत त्याच चिपा कमी विजेवर चालवून पातळ पेट्यांत बसवल्या गेल्या. असूसच्या झेफिरस जीएक्स५०१ची जाडी १७.९ मिलिमीटर होती आणि आत जीटीएक्स १०८० होती, फक्त आवर घातलेली.

खरेदीदाराचा गोंधळ इथून वाढला. २०१९ मध्ये एनव्हिडियाने ‘स्टुडिओ’ लॅपटॉप जाहीर केले: व्हिडिओ संपादक आणि चित्रकारांसाठी. आतली चिप बहुतेक खेळाच्या लॅपटॉपांतलीच. वेगळा होता तो ड्रायव्हर, पडद्याच्या रंगांची अचूकता आणि पेटीवरचा कागद. इंजिनिअरिंगच्या आराखड्यांसाठीच्या महागड्या क्वाड्रो चिपांबाबत तर ही पद्धत जुनीच होती. कामाचे यंत्र आणि खेळाचे यंत्र यांतली सीमा सिलिकॉनमध्ये उरली नव्हती, ती विक्री विभागात उरली होती. २०२१ मध्ये ३० मालिकेच्या चिपा आल्या तेव्हा मॅक्स-क्यूचे लेबलही नावातून गेले. आता आरटीएक्स ३०८० या एकाच नावाखाली ८० वॅटची चिपही होती आणि १५० वॅटची चिपही. पातळ लॅपटॉपमधली ३०८० जाड लॅपटॉपमधल्या ३०७०कडून हरू शकत होती. तक्रारी वाढल्यावर एनव्हिडियाने उत्पादकांना वॅटचा आकडा छापायला सांगितले. आजही तपशिलाच्या पानावर हाच आकडा सर्वांत आधी शोधावा लागतो आणि बहुधा सर्वांत शेवटी सापडतो. २०२३च्या आरटीएक्स ४०९०ने तर हद्द केली: डेस्कटॉपवर ४५० वॅट, लॅपटॉपमध्ये फार तर १७५, आणि लॅपटॉपमधली चिप मुळात डेस्कटॉपच्या ४०८०ची.

याच काळात एएमडीच्या रायझन ४००० प्रोसेसरांनी दुसरी, म्हणजे प्रोसेसरची, बाजू सावरली. जानेवारी २०२०च्या लास वेगास प्रदर्शनात असूसने झेफिरस जी१४ दाखवला: १४ इंच, सुमारे १.६ किलो, आठ कोरचा प्रोसेसर, आरटीएक्स २०६० आणि कामाच्या दिवसाला बऱ्यापैकी पुरणारी बॅटरी. काम आणि खेळ दोन्हींसाठी एकच यंत्र अशी शिफारस निःसंकोच करावी असा हा पहिला लॅपटॉप म्हणता येईल. फक्त त्याला वेबकॅम नव्हता. खेळणारे वेगळा कॅमेरा लावतात, असा हिशेब असावा. दोनच महिन्यांत जग घरात बंद झाले आणि दिवसभराचे काम व्हिडिओ बैठकांवर आले. २०२२च्या आवृत्तीत कॅमेरा आला.

पडद्याचा वाद मात्र सलोख्याने मिटला. २००८ नंतर लॅपटॉपांचे पडदे टीव्हीसारखे १६:९ रुंद झाले होते. चित्रपटाला चांगले, पण तक्ते आणि कोड वाचणाऱ्याला बुटके. २०२० नंतर १६:१० परतला, आणि रंग अचूक दाखवणारे पडदेही सेकंदाला १६५ किंवा २४० वेळा ताजे होऊ लागले. पूर्वी चपळ पडदा म्हणजे फिकट रंग हे ठरलेले होते.

सुटला नाही तो विजेचा प्रश्न. विमान कंपनीच्या परवानगीशिवाय प्रवाशाला नेता येते ती बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची, म्हणून मोठ्या लॅपटॉपांत ९९ किंवा ९९.९ वॅट-तासांची बॅटरी असते. खेळताना २०० वॅट खाणारे यंत्र तिच्यावर अर्धा तास चालेल. प्रत्यक्षात बॅटरीवर ते स्वतःच वेग उतरवते. त्यामुळे अशा लॅपटॉपबरोबर हल्ली दोन चार्जर बाळगायची रीत पडली आहे: कचेरीत यूएसबी-सीचा १०० वॅटचा छोटा, घरी ३३० वॅटची वीट.

२०२५ मध्ये एएमडीच्या रायझन एआय मॅक्स मालिकेने निराळी वाट काढली. प्रोसेसर आणि बरीच मोठी ग्राफिक्स चिप एकाच पॅकेजात, दोघांसाठी मिळून एकच मेमरी, कमाल १२८ जीबी. असूसच्या आरओजी फ्लो झेड१३सारख्या टॅब्लेटवजा यंत्रात ती बसते, मोठी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे चालवते आणि मध्यम ताकदीच्या स्वतंत्र कार्डाइतका खेळही खेळवते. ही मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली असते. ३२ जीबी घेऊन दोन वर्षांनी वाढवू असा जुना विचार तिथे चालत नाही. किती लागेल हे पैसे देतानाच ठरवावे लागते.