धाव, हवा आणि दिवा

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी बसवलेली असते तिला आपण ‘धाव’ म्हणतो. किती नेमका शब्द आहे हा! लोहार ही पट्टी चाकाच्या घेरापेक्षा अंमळ आखूड घडवतो, गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होऊ देतो, उष्णतेने फुगली की सांडशांनी उचलून चाकावर चढवतो आणि लागलीच तिच्यावर पाणी ओततो. चर्र असा आवाज होतो, वाफेचा लोट उठतो आणि आकसणाऱ्या लोखंडाच्या मिठीत तुंबा, आरे, पाटे सारे एकजीव होऊन जाते. मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणारी वाट ठाणे, भिवंडी, शहापूर करीत कसाऱ्याच्या घाटाला भिडते. त्या वाटेवर अशी चाके पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत गेली.

त्या कुरकुरण्यालाही अर्थ होता. वंगण सुकले की आख ओरडे. धाव सैल झाली की खडखडाट होई. गाडीवानाला चाकाचे दुखणे कानाने कळे. तो उतरे, नळकांड्यातले वंगण घाली किंवा पाचर ठोकी आणि पुन्हा बैलांच्या शेपट्या पिरगाळी. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी आली, दुसऱ्याच वर्षी, १८५४ साली, ती कल्याणला पोचली. तिची चाकेही लोखंडी आणि रूळही लोखंडीच. म्हणजे त्यांतही हवेचा प्रश्न नव्हता.

हवेचा प्रश्न, वाचकहो, तिकडे विलायतेत आधीच निघालेला होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या एका तरुण स्कॉटिश इंजिनियराने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची पोकळ नळी, तिच्यावर चामड्याचे आवरण आणि आत कोंडलेला वारा! लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून त्याने लोकांना चकितही केले. पण मोटार अजून जन्मायची होती, सायकल बाल्यावस्थेत होती. घोड्याला काही मऊ चाकाची हौस नव्हती. थॉमसनचा शोध चाळीस वर्षे कागदांत पडून राहिला.

मग आला डनलॉप. हे गृहस्थ बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर. दहा वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरते, एवढेच निमित्त. १८८७ साली त्यांनी रबराची नळी करून लाकडी चकतीभोवती गुंडाळली, तिच्यात हवा भरली आणि घराच्या अंगणात ती चकती आणि सायकलचे जुने चाक अशी दोन्ही घरंगळत सोडली. हवेचे चाक खूप पुढे गेले. १८८८ साली पेटंट मिळाले आणि दोन वर्षांनी थॉमसनच्या जुन्या पेटंटाकडे बोट दाखवून ते रद्दही झाले. तरी नाव मात्र जगभर डनलॉपचेच झाले. इतिहासाचा न्याय असा चमत्कारिक असतो. फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी १८९५ सालच्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार धाववली. ती जिंकली नाही, वाटेत ट्यूबा बदलता बदलता पुरेवाट झाली. पण वाऱ्यावर मोटार चालते हे सिद्ध झाले. त्याच सुमारास, १८९३ साली, न्यूयॉर्कच्या श्रेडर मंडळींनी हवा भरण्याच्या झडपेचे पेटंट घेतले. आज आपल्या मोटारीच्या चाकावरचे काळे टोपण काढून पाहा. आत श्रेडरचीच वंशावळ बसलेली दिसेल. माझ्या मते टायरच्या साऱ्या कथेत सर्वांत टिकाऊ वस्तू हीच.

आपल्याकडे हे सारे जरा उशिरा, पण ऐसपैस आले. डनलॉपचा कारखाना १९३६ साली हुगळीकाठी साहागंजला निघाला. ठाण्याच्या वेशीवर, भांडूपला, सिएटचा कारखाना आला. ही कंपनी टाटांच्या सहकार्याने १९५८ साली भारतात उभी राहिली. सिएट हे मूळ इटालियन नाव फोडून पाहिले तर त्याचा अर्थ निघतो ‘तुरीनच्या विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू’! टायर हे ‘तत्सम’मध्ये मोडले म्हणायचे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरच्या मोटारी कुर्ल्याला तयार होत, आणि नव्वदीच्या दशकात तर मोटार खुद्द कल्याण-डोंबिवलीच्या अंगणात आली. प्रीमियर आणि फ्रान्सच्या पूजो यांच्या भागीदारीतली ‘पूजो ३०९’ कल्याणच्या कारखान्यात बनू लागली. भागीदारी लवकरच मोडली, ते वैभव चार दिवसांचे ठरले. पण कल्याण-शीळ रस्त्यावरचे जुने लोक अजून ‘प्रीमियर’ हे ठिकाणाचे नाव म्हणून सांगतात.

या साऱ्या काळात चाकातल्या हवेची खबर कोण ठेवी? तर डोळा आणि हात. जुन्या बांधणीच्या टायरमधली हवा कमी झाली की तो जमिनीपाशी पसरे, आणि फाटकातून गाडी बाहेर काढतानाच शेजारी हाक मारी, “अहो, मागचं चाक बसलंय!” ट्रकचा क्लीनर प्रत्येक मुक्कामाला लोखंडी दांडक्याने टायर ठोकून पाही. घणघणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पंक्चर. पुढच्या-मागच्या चाकांतल्या हवेचे आकडे पद्मिनीच्या मालकाला पाढ्यासारखे पाठ असत.

मग टायर सुधारले आणि गंमत अशी की त्यांचे दुखणे दिसेनासे झाले. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेला रेडियल टायर आपल्याकडे जेके कंपनीने १९७७ साली काढला. या टायरची बाजू मऊ असते. पुरी हवा असतानाही तो किंचित फुगलेला दिसतो. तेहतीस पौंड हवा असलेला आणि पंचवीस पौंड असलेला रेडियल शेजारी शेजारी ठेवला तर भल्याभल्यांचा डोळा फसेल. त्यात ट्यूब गेली. ट्यूब होती तोवर खिळा घुसला की हवा लगेच निघून जाई आणि माणूस मुकाट्याने जॅक काढी. ट्यूबलेस टायर खिळ्याला पोटात धरून ठेवतो. रोज पौंड-दीड पौंड हवा गुपचूप सोडतो, आणि आपण खुशाल ऑफिसला जाऊन येतो.

हवा कमी असली तर बिघडते काय? टायर प्रत्येक फेरीला जमिनीपाशी दबतो आणि सुटतो. हवा कमी असली की तो जास्त दबतो, जास्त घासतो आणि आतून तापतो. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर या तापण्याला वेळच मिळत नाही, कारण तिथे गाडी धावतच नाही! पण तासन्‌तास शंभराच्या वेगाने गेले की आतले थर सुटू लागतात, आणि टायर फुटतो.

ही गोष्ट जगाला कळली ती फार मोठे मोल देऊन. अमेरिकेत फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर भर वेगात सोलून निघू लागले, गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये पासष्ट लाख टायर परत मागवले गेले; या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे दगावल्याचे पुढे मोजले गेले. टायरवाले म्हणत, हवा तीस पौंड हवी होती. फोर्डने सांगितली होती सव्वीस. एकमेकांकडे बोटे दाखवून झाली, जवळपास शंभर वर्षांचा घरोबा मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे कायदा झाला की हवा कमी झाली तर गाडीनेच चालकाला सांगितले पाहिजे. असला दिवा काही नवा नव्हता. पोर्शेच्या ‘९५९’ या महागड्या गाडीत तो १९८६ पासूनच होता. श्रीमंतांची चैन आता सर्वांची गरज ठरली. सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांना आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपातल्या सर्व नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आपल्या सरकारने २०२० साली नियम बदलला तो वेगळ्या अंगाने: हवेची खबर देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असेल, तर ट्यूबलेस टायरच्या लहान गाडीला जादा चाक बाळगण्याची सक्ती नाही.

हा दिवा दोन तऱ्हांनी चालतो. एका तऱ्हेत प्रत्येक चाकात झडपेपाशी इवलासा मापक बसवलेला असतो. तो दाब मोजतो आणि बिनतारी निरोप धाडतो. त्याची बॅटरी पाच-दहा वर्षांनी संपते. दुसरी तऱ्हा काटकसरी आणि मला विचाराल तर अधिक बुद्धिमान. हवा कमी झाली की चाकाचा व्यास सूतभर घटतो, म्हणून तेवढ्याच अंतरात त्याला थोडे जास्त फेरे घ्यावे लागतात. ब्रेकच्या यंत्रणेत चाकांचे फेरे मोजले जातातच. त्यावरूनच ही ताडते की कोणते चाक लंगडते आहे. पण चारही चाके सारखीच उतरली तर? तुलनेला उरले काय? अशा उणिवांवर बोट ठेवून अमेरिकेतल्या न्यायालयाने २००३ साली सरकारचा पहिला, सैल नियम रद्द केला होता. नव्या यंत्रणा चाकाची बारीक थरथरही मोजतात, त्यामुळे त्यांना तेही उमगते.

गेल्या वर्षी दसऱ्याला डोंबिवलीतल्या माझ्या पुतण्याने नवी मोटार घेतली. चाकांखाली लिंबे चिरडून, पेढे वाटून ती घरी आली आणि पाचव्या दिवशी कल्याण-शीळ रस्त्यावर तिच्या पुढच्या फळीवर पिवळा दिवा लागला. मडके उभे चिरावे आणि आत उद्‌गारचिन्ह काढावे असे ते चित्र! वहिनींनी लगेच दृष्ट काढायची तयारी केली. दुकानदाराला फोन केला, तर तिथले साहेब म्हणाले, “चाकातला सेन्सर गेलाय, मागवावा लागेल, पंधरा दिवस लागतील.”

आमची सूनबाई, पुतण्याची बायको, कमी बोलणारी. तिने गाडीचे पुस्तक काढले आणि जेवायच्या आत निकाल लावला. या गाडीच्या चाकांत सेन्सर नव्हताच! फेरे मोजणारी यंत्रणा होती. शिवाय दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेचा बिघाड, सरळ स्थिर लागला तर हवेची तक्रार, असे पुस्तकात स्वच्छ लिहिलेले. आमचा दिवा स्थिर होता. मग झाले होते काय? कारखान्यातून निघताना टायरांत जास्त हवा भरतात, गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली तरी ते चपटू नयेत म्हणून. देताना ती कमी करायची असते. दुकानदाराने ती तशीच ठेवून यंत्रणेला शिकवले होते की ‘हीच बरोबर’. पुतण्याने पंपावर जाऊन दाराच्या चौकटीवरच्या कागदाबरहुकूम तेहतीस पौंड करून घेतली, आणि यंत्रणा ओरडली की हवा गेली! तिचे काय चुकले? सूनबाईने सकाळी, चाके थंड असताना, हवा पुन्हा मोजवली, बटण दाबून धरले, थोडी गाडी फिरवली. दिवा विझला. (हवा थंड चाकातच मोजायची, हे लक्षात ठेवण्याजोगे. पळून तापलेल्या चाकात चार पौंडांपर्यंत फरक पडतो. दुपारी भरलेली हवा थंडीच्या पहाटे कमी भरते आणि दिवा लागतो.)

भाऊबीजेला नागपूरला नणंदेकडे जायचे ठरले होते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा रस्ता दारात आला. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा सुरू झाल्यापासून या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत; झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवण्यासाठी परिवहन खात्याला तिथे तपासणी करावी लागली. सिमेंटचा सरळ रस्ता, एकशेवीसची मुभा आणि विदर्भातले ऊन.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तोच दिवा पुन्हा लागला. पुतण्या हसला, “परत तेच! बटण दाबून टाक.” फराळाचे डबे भरले जात होते, मुले गाडीत बसून बघत होती, कुणालाही खोळंबा नको होता. सूनबाई म्हणाली, “आधी मोजू या.” एवढेच बोलली आणि किल्ली घेऊन खाली उतरली. मीही तिच्याबरोबर गेलो.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने मापक लावला. तीन चाके तेहतीस. मागचे डावे बावीस. डोळ्यांना चारही अगदी सारखी दिसत होती, मी वाकून दोनदा पाहिले. त्याने साबणाचे पाणी शिंपडले, चाक हळूहळू फिरवले. एका जागी बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. पकडीने त्याने दीड इंची खिळा ओढून काढला, डोके पार झिजून चकाकत असलेला, आणि तो सूनबाईच्या तळहातावर ठेवला. मग त्याने ती दोरीसारखी पट्टी भोकात ठासली, वरचा भाग कापला, हवा भरली. बटण पुतण्याने दाबले, न बोलता. पहाटे साडेचारला ते निघाले. रात्री फोन आला तेव्हा नणंदेकडे ओवाळणी चालली होती.