गाडी गरम होऊ द्या

मनीषनगरचं रेल्वे फाटक ज्यांनी उन्हाळ्यात अनुभवलंय, त्यांना ‘हीट सोक’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही मार्गांच्या गाड्या नागपूर-सेवाग्रामच्या दरम्यान याच पट्ट्यातून धावतात. २०२० साली पूल सुरू झाला, त्याआधी फाटक पडलं की दोन्ही बाजूंना रांगा लागायच्या. चालत्या गाडीच्या इंजिनाला वारा लागतो, उभ्या गाडीच्या लागत नाही. इंजिन बंद करावं तर आणखी पंचाईत. पाणी फिरवणारा पंपही थांबतो आणि धातूत साठलेली उष्णता पुढची काही मिनिटं बॉनेटखाली पसरत राहते. त्यामुळे गाडी बंद केल्यावर काही सुटे भाग चालू असतानापेक्षा जास्त तापतात. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तो सावलीतला.

गाडी अधूनमधून दम तोडते, पिकअप घेत नाही, मग आपोआप ठीक होते. या बिघाडाचा इतिहास मला बराच काळ खुणावतोय. पूर्ण बंद पडलेली गाडी सोपी. ती गॅरेजमध्येही बंदच असते. अधूनमधून रुसणारी गाडी मेकॅनिकसमोर शहाण्यासारखी वागते आणि खोटा ठरतो तो मालक. आमच्या धंद्यात अशा बगला ‘हायझेनबग’ म्हणतात: शोधायला गेलं की गायब. हा शब्द रूढ करण्यात जिम ग्रे यांच्या १९८५ च्या लेखाचा मोठा वाटा आहे. संगणक का थांबतात, हाच त्या लेखाचा विषय. संगणकवाल्यांना जे नाव सापडलं, त्याचा अनुभव मोटारवाल्यांच्या गाठीशी कितीतरी आधीपासून होता.

आपल्याकडचा ठळक नमुना म्हणजे फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिची टाकी मागे, आणि पेट्रोल ओढून घेणारा पंप पुढे, इंजिनाच्याच अंगाला. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हे एकच द्रव्य नसून मिश्रण आहे. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. नळीत वाफेचा बुडबुडा धरला की पंप नुसता वाफ दाबत-सोडत राहतो आणि कार्ब्युरेटर उपाशी. हाच व्हेपर लॉक. पंपावर ओलं फडकं टाकायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, निघायचं. ही युक्ती घाटात आणि विदर्भात सारखीच चालायची.

त्या फडक्याकडे आपण जुगाड म्हणून बघतो. मला तो उत्तम प्रयोग वाटतो. पंप थंड केल्यावर गाडी चालू झाली तर दोष इंधनात. नाही झाली तर इग्निशन कॉइल आणि कंडेन्सरकडे वळायचं, कारण तेही तापूनच दगा देतात. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केलेली पॉइंट-कंडेन्सरची ठिणगी पद्मिनीत तशीच होती. कॉइलच्या आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे. एखादा वेढा कुठे तडकला असेल तर थंडपणी टोकं चिकटलेली राहतात आणि तापून पसरली की सुटतात. एका वेळी एकच भाग थंड करून बघायचा, ही शिस्त त्या फडक्यात होती. कुणी ती लिहून मात्र ठेवली नाही.

मनीषनगरच्या डोक्यावरून सोनेगावला उतरणारी विमानं जातात, म्हणून थोडं आकाशाकडे वळतो. १९४० मध्ये ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेनच्या वैमानिकांची तक्रार होती: नाक एकदम खाली केलं की मर्लिन इंजिन दम तोडतं. सरळ उड्डाणात काहीच दोष नाही. जर्मन मेसरश्मिटच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये जायचं, त्यामुळे ते सूर मारून निसटायचे. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी यावर तोड काढली. त्या स्वतः मोटरसायकल शर्यती खेळणाऱ्या. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारून सुवर्णतारा मिळवलेल्या. घोटाळा दुहेरी होता. विमान खाली झुकलं की इंधन कार्ब्युरेटरच्या तळातून वर फेकलं जाऊन इंजिन क्षणभर उपाशी राहायचं, आणि लगेच उलट इतकं इंधन घुसायचं की ते गुदमरायचं. शिलिंगबाईंनी नळीत छोटं छिद्र असलेला पितळी अडसर बसवला: इंजिनाला पूर्ण ताकदीत लागेल तेवढंच इंधन जाईल, जास्त नाही. १९४१ मध्ये त्या तळातळावर फिरून विमानांत तो बसवत होत्या. जमिनीवर उभ्या विमानात हा दोष शंभर वर्षं शोधला असता तरी दिसला नसता. वैमानिकाचं म्हणणं खरं मानूनच सुरुवात करावी लागली.

पुढे इंजिनात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. पंप टाकीत गेला, ओढण्याऐवजी ढकलू लागला, नळीत साधारण तीन बारचा दाब आला आणि व्हेपर लॉक जवळपास संपला. गाडीला स्मृतीही आली. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं झालं. बिघाड नोंदला गेला की त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान हे सारं जपून ठेवणारी ‘फ्रीझ फ्रेम’ त्यातलीच. आपल्याकडे ओबीडी भारत स्टेज-४ बरोबर आलं, १ एप्रिल २०१० ला, तेरा शहरांत. त्यात मुंबई, पुणे आणि चक्क सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. आम्हाला देशभराबरोबर २०१७ पर्यंत थांबावं लागलं. (विदर्भाचा अनुशेष मोजताना हेही धरावं.)

स्पोर्ट्स कारमध्ये हा सगळा इतिहास एका जागी कोंबलेला असतो. बुटकी गाडी, बसकं बॉनेट, हवा खेळायला जागा नाही. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म आठवत असेल: फायबरची दोन आसनी, रेनॉचं ११४९ सीसीचं, साठेक अश्वशक्तीचं इंजिन. दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत आणलेल्या अवंतीचं इंजिन तर आसनांच्या पाठीमागे. अशा गाड्यांची खरी अडचण संख्येची आहे. पद्मिन्या रस्त्यावर इतक्या होत्या की एकच दुखणं मेकॅनिकने शंभरदा पाहिलेलं असायचं. विरळ गाडीचं दुखणं कुणीच दुसऱ्यांदा पाहिलेलं नसतं. मग अंदाजाने भाग बदलत जायचं: प्लग, कॉइल, पंप. बिल वाढतं, दुखणं तिथंच.

माझ्या एका मित्राच्या जुन्या दोन आसनी गाडीचं नेमकं हेच झालं होतं. तिचा मेक सांगत नाही. बेसा रोडला गर्दीत अर्धा तास रखडली की ॲक्सिलरेटर मेल्यासारखा व्हायचा, एक-दोन सेकंद, मग पुन्हा जिवंत. कधी पूर्ण बंद. वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही. तीन ठिकाणी दाखवली, स्कॅनर लावला, एकही कोड नाही. एका ठिकाणी तर मित्राला चालवण्याचे धडे मिळाले. चौथा मेकॅनिक म्हातारा, पद्मिनीच्या काळातला. सकाळी गाडी नेली तर हातही लावला नाही. “भाऊ, थंड्या गाडीले काय विचारता? गरम होऊ द्या, मंग बोलन ते.”

दुपारी रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून, काट्यावर नजर ठेवून गाडी फिरवली. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बाजूला. चौथ्या फेरीत ती बोलली: वेग ताशी ३८ किलोमीटर, गाडी गिअरमध्ये, क्लच सुटलेला, आणि इंजिनाचे फेरे शून्य. हे अशक्य आहे. चाकं फिरताहेत तर इंजिनही फिरतंयच. म्हणजे फेरे मोजणारा खोटं बोलतोय. फ्लायव्हीलचे दाते मोजणारा क्रँक सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारच. त्याचा संदेश तुटला की संगणक ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबवतो. कोड का नाही, तेही उलगडलं. या गाडीच्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने संदेश नाही म्हणजे इंजिन थांबलेलं, आणि थांबलेलं इंजिन हा बिघाड नव्हे. वेगाशी ताळा करून बघायचं त्या प्रोग्रॅमरला सुचलं नव्हतं. असा कोड मीही रोज वाचतो.

म्हाताऱ्याने सेन्सर काढला. थंड असताना मीटरवर दोनशे चाळीस ओहम. मग शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचं यंत्र मागवलं आणि तीन-चार मिनिटं गरम हवा मारली. आकडा थोडा चढला, लुकलुकला आणि तार तुटल्याचं दाखवू लागला. त्याने बादलीतलं ओलं फडकं पिळून सेन्सरवर गुंडाळलं. दोनशे चाळीस परत.